एक नग म्हणजे किती?

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्याच्या खोक्यावर, बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत काही ओळी असतात. सर्व करांसह किंमत इतकी, आयात करणाऱ्याचा पत्ता असा, आणि प्रमाण: 1 नग. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम असतात, तेलाच्या पिशवीवर लिटर असतो, साबणाच्या वडीवरही वजन असतं. पाच रुपयांच्या पुड्यातली बिस्किटं कमी झाली, तर ज्याला बघायचंय त्याला निदान आकड्यात ते दिसतं. खेळण्याचं तसं नाही. ते वीतभर असो की बोटभर, भरीव असो की पोकळ, कागदावर तो एक नगच. या एका नगाच्या आडून गेल्या पंधरा-सतरा वर्षांत काय काय झालं ते मला सांगायचंय, आणि त्यासाठी रूप बदलणाऱ्या रोबोंचं उदाहरण घेणार आहे. गाडीचा रोबो होतो, रोबोची परत गाडी होते, ती ट्रान्सफॉर्मर्सची खेळणी.

या विषयाशी माझा दोन बाजूंनी संबंध आहे. एक म्हणजे मी ही खेळणी जमवतो, लहानपणापासून. दुसरं म्हणजे माझं घर प्लास्टिकच्या साच्यांवर चाललं. भोसरीच्या एमआयडीसीत डाय-मोल्डच्या कामात माझी 22 वर्षं गेली. गाड्यांच्या डॅशबोर्डचे तुकडे, मिक्सरची झाकणं, स्विचची बटणं, काय काय त्या साच्यांतून निघालं. खेळणी कधी नाही. पण खेळणं हातात घेतलं की प्लास्टिक कुठून आत शिरलंय, कुठे थंड झालंय आणि कुठे पैसा वाचवलाय, हे बोटांना आपोआप कळतं. ती सवय जात नाही.

1988 च्या दिवाळीत मस्कतहून आलेल्या काकांनी मला एक विमान दिलं. करड्या रंगाचं एफ-15, त्याचा स्टारस्क्रीम नावाचा रोबो व्हायचा. विमान हातात घेतलं की आधी थंड लागायचं, कारण त्याचा काही भाग धातूचा होता. मग हळूहळू तळहाताच्या उबेनं ते कोमट व्हायचं. त्याच्या मुठी वेगळ्या असायच्या, रोबो केल्यावर त्या लावायच्या. त्यातली एक मूठ पहिल्याच महिन्यात आमच्या वाड्याच्या अंगणात हरवली आणि आजतागायत सापडली नाही. आज ते विमान माझ्या टेबलावर आहे. चाकं अजून फिरतात, नाक अजून खाली वळतं, आणि वळताना जो आवाज होतो तोच आवाज आहे.

आता दुसरं चित्र. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या वाढदिवसाला मी एक रोबो नेला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण मला एका कंपनीशी भांडायचं नाही. खोका चांगला मोठा, त्यावरचं चित्र झकास. पोरानं खोका फोडला, आतली पुठ्ठ्याची घडी काढली, रोबो बाहेर काढला, आणि खोक्यात परत हात घालून चाचपलं. "मामा, एवढाच?" त्यानं तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच वाटलं होतं की आत अजून काहीतरी राहिलंय. तिसऱ्या दिवशी रोबोचा गुडघा ढिला पडला. आठवडाभरात खांद्यापाशी पांढरी रेघ उमटली. साच्याच्या धंद्यातला माणूस ती रेघ ओळखतो. प्लास्टिकवर ताण आला की ते पांढरं पडतं, आणि पुढे तिथंच तडकतं. मी रोबो हातात घेऊन उलटा केला. दंड आणि पोटऱ्या मागून उघड्या होत्या, कौलाखाली लावलेल्या पन्हळीसारख्या.

पूर्वी सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. ही खेळणी मुळात जपानची. ताकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांमधले रोबो अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं घेतले, त्यांना नवी नावं दिली, दोन फौजा केल्या आणि 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स म्हणून बाजारात आणले. सुरुवातीच्या खेळण्यांत ओतीव धातू होता, रबरी टायर होते, क्रोमचा मुलामा होता. दोन-तीन वर्षांत धातू जवळजवळ गेलाच. म्हणजे काटछाट या खेळण्यांच्या जन्मापासूनच सुरू आहे. शिवाय त्या पहिल्या रोबोंना हलता काय यायचं? हात वर-खाली, बस्स. माझ्या स्टारस्क्रीमला गुडघे वाकवून बसवायचा प्रयत्न मी लहानपणी केला आणि आईनं हातातून काढून घेतला. आजच्या पाचसहा इंची रोबोला कोपर, गुडघा, कंबर, घोटा, सगळं फिरवता येतं. आणि टिकाऊपणाचं म्हणाल, तर 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून काही रोबोंना चकाकी असलेलं सोनेरी प्लास्टिक वापरलं गेलं. ते काही वर्षांत इतकं ठिसूळ होतं की न उघडलेल्या खोक्यातल्या रोबोचेही हात लावताच तुकडे पडतात. जमवणाऱ्यांमध्ये त्याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. ती चूक त्या जुन्या, "चांगल्या" काळातलीच आहे.

त्यामुळे माझी तक्रार जुनं चांगलं आणि नवं वाईट अशी नाही. माझी तक्रार मापाबद्दल आहे.

2007 मध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला मोठा चित्रपट आला, तेव्हा मापाप्रमाणे आणि किमतीप्रमाणे खेळण्यांचे वर्ग ठरलेले होते. डिलक्स साधारण 10 डॉलरला, त्याच्या वर व्हॉयेजर 20 ला, आणि त्याच्याही वर लीडर 40 ला. 2022 पर्यंत तेच वर्ग, त्याच नावांनी, साधारण 25, 35 आणि 55 डॉलरला विकले जाऊ लागले. अमेरिकेतली महागाई जमेस धरली तर 2007 चे 10 डॉलर 2022 मध्ये 14 च्या आसपास होतात, 20 चे 28 आणि 40 चे 56. आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. डिलक्स महागाईपेक्षा कितीतरी जास्त महाग झाला. व्हॉयेजर बऱ्यापैकी महाग झाला. लीडरची किंमत मात्र महागाईच्या हिशेबानं होती तिथंच आहे, म्हणजे कागदावर तरी गिऱ्हाइकाचं काही नुकसान नाही.

पण 2007 चा लीडर वर्गातला ऑप्टिमस प्राइम (या रोबोंचा नायक, ट्रकचा रोबो होतो तो) 10 इंचांच्या आसपास उंच होता, आत बॅटरी होती, दिवे लागायचे, आवाज यायचा. 2020 मध्ये आलेला लीडर वर्गाचाच ऑप्टिमस प्राइम 7 इंचांचा होता. सोबत एक ट्रेलर होता, तो उघडला की त्याचा छोटा तळ व्हायचा. ज्यांना 1984 च्या ऑप्टिमसचा ट्रेलर आठवतो त्यांना तो आवडला, मलाही आवडला. पण 7 इंच हे व्हॉयेजरचं माप होतं. 2019 च्या लीडर वर्गाच्या अल्ट्रा मॅग्नस नावाच्या रोबोचंही तसंच: आत व्हॉयेजरच्या मापाचा एक रोबो, आणि वरून चढवायचे चिलखताचे तुकडे. (1986 च्या मूळ अल्ट्रा मॅग्नसमध्येही आत एक रोबो होताच, हे मान्य. म्हणून त्या एका खेळण्यावर मी फार जोर देत नाही.) थोडक्यात, खालच्या वर्गात किंमत चढवली आणि वरच्या वर्गात माल उतरवला. वर्गाचं नाव दोन्हीकडे तेच राहिलं. दुकानात जाणारी आई किंवा आजी नाव बघते, खोका बघते. गेल्या खेपेला हाच आणला होता, या खेपेलाही हाच, असं तिला वाटतं.

इथं मापाचं एक गणित सांगायला हवं. साच्याच्या धंद्यात आम्हाला ते पाठ असतं, पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही. खेळण्याची उंची दहा टक्क्यांनी कमी केली तर ते दहा टक्क्यांनी लहान होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून कमी झाल्यामुळे घनफळ 27 टक्क्यांनी घटतं. 10 इंचांचा रोबो 7 इंचांवर आणला तर घनफळ साधारण एक तृतीयांश उरतं. डोळ्याला तीन इंच गेलेले दिसतात. हाताला मात्र दोन तृतीयांश खेळणं गेलेलं कळतं. भाचा खोक्यात परत हात घालून शोधत होता तो हाच गेलेला हिस्सा. म्हणून कुणी मला म्हणालं की, ऑनलाइन दुकानांत आता इंचांत उंची लिहितात ना, मग फसवणूक कुठे आहे, तर मी म्हणतो की उंची लिहितात ते चांगलंच, पण नुसत्या उंचीवरून किती गेलं ते कळत नाही. वजनावरून कळतं.

आणि पोकळपणाचं काय? इथं जमवणाऱ्या मित्रांशी माझं नेहमी वाजतं. त्यांना वाटतं, पोकळ म्हणजे कंपनीनं प्लास्टिक चोरलं. इतकं सोपं नाही ते. साच्याच्या कामात पहिल्या महिन्यात शिकवतात की भिंत सारख्या जाडीची ठेवा. जाड, भरीव तुकडा साच्यात ओतला तर बाहेरचा थर आधी थंड होतो, आतला नंतर आक्रसतो, आणि वरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डा पडतो. आम्ही त्याला सिंक मार्क म्हणतो. त्यामुळे चांगल्यात चांगलं प्लास्टिकचं खेळणंही भरीव नसतंच. दंड करायचा तर दोन अर्ध्या कवच्या करतात, आक्रोडासारख्या, आणि स्क्रूनं एकमेकींवर बसवतात. आतून पोकळ, बाहेरून बंद. काही ठिकाणी उघडी पोकळी ठेवावीच लागते, कारण रूप बदलताना हाताचा पंजा दंडात शिरणार असतो किंवा चाक पोटरीत दडणार असतं. ती पोकळी कामाची आहे. तिला नावं ठेवणं बरोबर नाही.

खरा फरक पडतो तो जेव्हा दुसरी कवची टाकूनच देतात. त्यात एका तुकड्याचा साचा वाचला, एक स्क्रू वाचला, जोडणाऱ्या बाईची काही सेकंदं वाचली. लाखो नगांच्या हिशेबात ही रक्कम मोठी होते. दुसरा फरक भिंतीच्या जाडीचा. तुकडा साच्यात थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या (गणितातल्या, म्हणजे जाडी गुणिले जाडीच्या) प्रमाणात वाढतो. भिंत दुप्पट जाड केली तर वेळ चौपट लागतो. उलट 2 मिलिमीटरची भिंत दीड मिलिमीटरवर आणली तर थंड व्हायचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. एका पाळीत मशीनमधून किती जास्त नग निघतील याचा अंदाज करा. साबणाच्या डबीला ही युक्ती चालते. डबीला काय, झाकण उघडायचं आणि मिटायचं. पण रूप बदलणारा रोबो ही अशी वस्तू आहे की जिला पिळायचं, दुमडायचं, खेचायचं, खटकन बसवायचं, हाच तिचा उपयोग. पिन जिथं भोकात बसते तिथल्या भिंतीवर प्रत्येक वेळी ताण येतो. तिथली भिंत पातळ केली की पांढरी रेघ उमटणारच. मी भाच्याच्या रोबोची रेघ बघितली तेव्हा मला राग आला तो कंजूसपणाचा नव्हे. रचना करणाऱ्याला हे माहीत असणारच, आणि तरी वरून कुणीतरी त्याला तो आकडा दिला असणार, याचा आला. असे आकडे मलाही दिलेले आहेत. मी ते साच्यात उतरवलेही आहेत. मिक्सरच्या झाकणात.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. समोरून रंगवलेला आणि पाठीमागून कोरा रोबो ज्यानं पाहिलाय त्याला ते ठाऊक आहे.

आता कंपन्यांची बाजू. ती खोटी नाही आणि मी ती झटकून टाकणार नाही. चीनमधली मजुरी गेल्या पंधरा-वीस वर्षांत खूप वाढली. 2021 मध्ये जहाजाच्या कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं. टॉईज आर अस ही खेळण्यांची प्रचंड साखळी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 2018 मध्ये अमेरिकेतली तिची दुकानं बंद झाली. मोठ्या खोक्यांना जागा देणारी फळीच गेली. डिसेंबर 2023 मध्ये हॅस्ब्रोनं आणखी 1,100 माणसांची कपात जाहीर केली. असा धंदा करणाऱ्यानं खर्च वाचवू नये असं म्हणायला मी कोण? साच्याचा खर्च भरून काढायला एकाच साच्यातून रंग बदलून दुसरं-तिसरं पात्र काढतात, तेही मला मान्य आहे. 1984 मध्ये माझा स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर आणि काळा स्कायवार्प एकाच घडणीतून आले होते. मला तिन्ही हवे होते.

आणखी एक गोष्ट आमच्याच विरुद्ध जाते, ती सांगितलीच पाहिजे. माप लहान व्हावं अशी मागणी काही प्रमाणात जमवणाऱ्यांनीच केली. फळीवर सगळे रोबो एकमेकांशी प्रमाणात दिसले पाहिजेत, म्हणजे बंबलबी हा छोटा रोबो ऑप्टिमसच्या खांद्याच्या वर जाऊ नये, असा आग्रह मोठ्या माणसांचा. लहान मुलाला त्याचं काही नसतं. त्याच्या खेळात दोन बोटांचा सैनिक आणि फूटभर अस्वल बरोबरीनं लढतात. 2018 पासून चित्रपटांतल्या पात्रांची जी प्रमाणबद्ध मालिका निघाली ती याच मागणीतून. त्यात छोटं पात्र छोटं होणं योग्यच होतं. पण छोट्या पात्राची किंमत छोटी झाली नाही. एकाच वर्गात, एकाच किमतीला, एक रोबो दुसऱ्यापेक्षा बोटभर बुटका आणि वजनाला बराच हलका, हे चालू झालं. हौसेनं मागितलेल्या गोष्टीचा असा उपयोग झाला.

त्याच सुमारास खोक्याची खिडकी गेली. पॅकिंगमधलं प्लास्टिक कमी करायचं म्हणून हॅस्ब्रोनं 2019 मध्ये जाहीर केलं आणि 2022 पर्यंत रोबोंच्या खोक्यांवरची पारदर्शक खिडकी नाहीशी झाली. पुढे काही मालिकांत ती परत आली. प्लास्टिक कमी करण्याला माझा विरोध कसा असेल? पण खिडकी ही गिऱ्हाइकाची तपासणी होती. आत काय आहे, केवढं आहे, रंग नीट लागलाय की नाही, उजव्या पायाच्या जागी उजवाच पाय आहे ना, हे त्यातून दिसायचं. ती काढली तर तिच्या बदल्यात काहीतरी द्यायला हवं होतं. निदान आकडे.

काहीजण म्हणतात की चांगलं करायची कला आणि साधनं आता राहिली नाहीत. हे मला अजिबात पटत नाही. 2013 मध्ये मेट्रोप्लेक्स नावाचा दोन फूट उंचीचा रोबो निघाला. रोबोसेन कंपनीनं 2021 मध्ये 699 डॉलरचा ऑप्टिमस प्राइम काढला, तो हुकूम दिला की आपला आपण रूप बदलतो. ताकारा टोमीनं 2024 मध्ये 1984 च्या ऑप्टिमसचा जुना साज ठेवून त्याला आजचे सांधे दिले, आणि तो खेळवताना मला खरोखर भरून आलं. कला आहे. ती वरच्या फळीवर गेली. पैसेवाल्या पन्नाशीच्या माणसासाठी वजनदार, घट्ट, रंगीत रोबो मिळतो. आठ वर्षांच्या पोरासाठी पन्हळीचे पाय. खेळण्याच्या धंद्याचा हा उलटा प्रवास मला अस्वस्थ करतो, कारण मी स्वतः त्या वरच्या फळीचा गिऱ्हाईक आहे.

आणि मागणी नाही म्हणावं तर चीनमधल्या नकला बघा. वेई जियांगसारख्या कंपन्या मूळ रोबोची रचना जशीच्या तशी उचलतात, ती मोठी करतात, त्यात धातू घालतात आणि विकतात. ही चोरी आहे. कुणीतरी महिनोन्‌महिने डोकं लावून केलेली रचना अशी उचलणं मला सहन होत नाही, मी त्या विकत घेत नाही. पण लोक त्या का घेतात हे कंपन्यांनी स्वतःला विचारायला हवं. तोच चेहरा, तीच घडी, फक्त मोठा आणि जड. लोक मोठेपणाचे आणि जडपणाचे पैसे मोजायला तयार आहेत, हे यातून सरळ दिसतं.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्क्याशिवाय खेळणं विकता येत नाही. शिक्का हवाच होता. टोकदार कडा, शिसं, घातक रसायनं यांपासून मुलांना वाचवायला तो आहे. पण शिक्का सुरक्षिततेचा आहे. सांधा किती वेळा वळला तरी टिकेल, हे तो सांगत नाही. शुल्कामुळे मात्र असं झालं की परदेशात 25 डॉलरला मिळणारा रोबो इथं येईपर्यंत मध्यमवर्गीय घराला जपून विचार करायला लावतो. म्हणजे जो दर्जा तिकडे उतरला, तोच इकडे अधिक महाग होऊन येतो. आपल्या मुलांच्या वाट्याला दोन्ही बाजू.

पण याच शुल्कामुळे आपल्याकडे खेळणी बनण्याची शक्यताही वाढली, आणि इथं मला आशा वाटते. हे काही नवीन नाही. 1987 मध्ये हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांनी मिळून फनस्कूल सुरू केली, तिचा कारखाना गोव्यात निघाला. तिथं बनलेले जी. आय. जो सैनिक आज परदेशातले लोक आवर्जून शोधतात, कारण त्यांचे रंग कुठल्याच अमेरिकी आवृत्तीसारखे नव्हते. आपल्या हातून बनलेली वस्तू चाळीस वर्षांनी कुणी शोधत फिरतं, ही मोठी गोष्ट आहे. उद्या भोसरी, चाकण किंवा नाशिकच्या कुठल्याशा शेडमध्ये रूप बदलणारे रोबो बनू लागले, तर साचे करणारे हात आपल्याकडे आहेत. प्रश्न एवढाच, की त्या हातांना आकडा कोणता दिला जाणार. 2 मिलिमीटर की दीड?

म्हणून माझी मागणी कंपन्यांना उदारपणाची नाही. किंमत वाढवायची तर वाढवा. माप कमी करायचं तर करा. पण खोक्यावर, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत, खोक्याशिवाय खेळण्याचं वजन ग्रॅममध्ये आणि रोबोची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. पाकिटबंद मालाचे नियम आपल्याकडे 2011 पासून आहेत. नगावर विकायच्या वस्तूला नगांची संख्या लिहिली की भागतं, ही त्यातली सोय खेळण्यांसाठी काढून घ्या. फ्रान्सनं 1 जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना सक्ती केली आहे की किंमत तीच ठेवून किंवा वाढवून माल कमी केला असेल, तर फळीवर तसं लिहावं लागेल. ते खाण्यापिण्यासारख्या रोजच्या मालापुरतं आहे. खेळण्यांना ते लागू करायला काही अडचण असेल असं मला वाटत नाही.

यावर एक हरकत येईल की वजन म्हणजे दर्जा नव्हे. बरोबर आहे. जड पण ढिला रोबो असू शकतो, हलका पण घट्टही असू शकतो. एका रोबोचं वजन एकट्यानं काहीच सांगत नाही. पण त्याच वर्गाचं गेल्या वर्षीचं वजन आणि यंदाचं वजन शेजारी ठेवलं की ते बोलू लागतं. 180 ग्रॅमचा डिलक्स पुढच्या वर्षी 140 चा झाला तर कंपनीला त्याचं कारण द्यावं लागेल, आणि कारण चांगलं असेल तर लोक ते ऐकतील. पात्रच छोटं आहे, म्हणून हलकं आहे, हे मी ऐकेन. मात्र त्यासाठी आधी आकडा हवा. साच्याच्या ड्रॉइंगवर तो असतोच. प्रत्येक तुकड्याचं वजन आम्ही शॉट (साच्यातून एका वेळी निघणारा माल) काढल्याबरोबर काट्यावर घालून लिहून ठेवतो, कारण प्लास्टिकचा हिशेब त्यावरच चालतो. कारखान्यातल्या वहीत जो आकडा पहिल्या दिवसापासून आहे, तो खोक्यावर यायला शाईचाच काय तो खर्च.

भाच्याचा तो रोबो मी दुरुस्त केला. गुडघ्याच्या भोकात नखरंगाचा पारदर्शक थर दिला, वाळू दिला, पिन परत बसवली. आता उभा राहतो. खांद्याची रेघ तशीच आहे, तिला काही करता येत नाही. त्या दिवशी आम्ही बहिणीचा स्वयंपाकघरातला काटा घेतला आणि घरातले सगळे रोबो एकेक करून त्यावर ठेवले, माझा स्टारस्क्रीम सुद्धा, एका मुठीसकट. पोरानं स्केचपेननं प्रत्येकाच्या खोक्यावर वजन लिहिलं. ज्यांचे खोके उरले नव्हते त्यांच्यासाठी वहीचं एक पान केलं. आता नवा रोबो आला की पोरगा खोका उघडण्याआधी काटा मागतो, आणि "1 नग" लिहिलेल्या ओळीच्या खाली, अगदी चिकटून, आपला आकडा लिहितो.